कविता आणि चित्र एकाच चौकटीत: एका छपाई-सेवेचे परीक्षण

कविता आणि तिच्या शेजारी एखादे चित्र किंवा छायाचित्र अशी जोडी जाड कागदावर छापून, हवी असल्यास चौकटीत बसवून घरपोच देणाऱ्या सेवा आता बऱ्याच झाल्या आहेत. त्यांपैकी एका सेवेकडून मी दोन गोष्टी घेतल्या: त्यांनीच निवडलेल्या पाच जोड्यांचा तयार संच आणि माझ्या स्वतःच्या एका छोट्या कवितेची मागणीनुसार करून घेतलेली स्वतंत्र प्रत. विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही, कारण जवळजवळ याच साच्यांवर काम करणारे अनेकजण आहेत आणि पुढे सांगितलेले गुणदोष त्यांपैकी कोणाकडेही मागणी नोंदवताना तपासून घेण्यासारखे आहेत. निष्कर्ष आधीच सांगायचा तर कागद, शाई आणि छपाई उत्तम आहे. अक्षरजुळणी कामचलाऊ होती आणि पाठपुरावा करून ती सुधारून घ्यावी लागली. आणि जोडी जुळवण्याची दृष्टी, जी या वस्तूचा प्राण आहे, ती पाच जोड्यांपैकी केवळ दोन ठिकाणी दिसली.

कागद आणि चौकट यांच्याआधी जोडीचाच विचार करणे मला आवश्यक वाटते. जर्मन समीक्षक लेसिंग यांनी १७६६ मध्ये कविता आणि चित्र यांच्यातला जो भेद मांडला, तो अशी जोडी लावलेल्या भिंतीपुढे उभे राहिले की लगेच अनुभवाला येतो: चित्र एकदम समोर येते, कविता मात्र एकेका शब्दाने, काळात उलगडत जाते. एकाच कागदावर दोन्ही असतील तर नजर आधी चित्राकडे जाणार, हे ठरलेले आहे. कविता वाचायला सुरुवात होण्यापूर्वीच वाचकाच्या मनात एक दृश्य तयार झालेले असते आणि पहिल्या ओळीला त्या दृश्याशी सामना करावा लागतो. चित्राने कवितेतलीच गोष्ट आधी दाखवून टाकली असेल तर कवितेकडे सांगण्यासारखे फारसे उरत नाही. आणि चित्राचे कवितेशी काहीच नाते नसेल तर ते कवितेभोवतीची नुसती सजावट होऊन बसते. या दोन्हींच्या मधली जागा शोधून काढणे हे जोडी लावणाऱ्याचे खरे काम आहे, आणि ते करण्यासाठी कविता पुन्हा पुन्हा वाचण्याला पर्याय नाही.

संचातली पहिली जोडी समुद्राची आहे. कवितेत किनाऱ्यावर उभी असलेली एक व्यक्ती परत परत येणाऱ्या लाटा ऐकते आहे आणि त्यांच्या येण्यातून कोणाचे तरी न येणे तिला जाणवते आहे. शेजारी सूर्यास्ताच्या वेळचा समुद्र, नारिंगी आकाश आणि ओल्या वाळूवर उभी असलेली पाठमोरी स्त्री आहे. छायाचित्र म्हणून त्यात वावगे काही नाही, रंगही छान उतरले आहेत. परंतु कवितेने त्या व्यक्तीचे वय, पेहराव, ती स्त्री आहे की पुरुष, यांपैकी काहीही सांगितलेले नाही, आणि हे न सांगणेच त्या कवितेचे बळ आहे, कारण त्यामुळे वाचणारा कोणीही त्या किनाऱ्यावर स्वतःला उभे करू शकतो. छायाचित्राने ती मोकळीक काढून घेतली. शिवाय कवितेत आकाशाचा रंग कोठेही नाही. तिचा सारा भर आवाजावर आहे. ‘समुद्र’ हा शब्द शोधून समुद्राचे चित्र लावले, एवढाच विचार या निवडीमागे झालेला दिसतो. चांगल्या कवितेला अशी वागणूक मिळालेली पाहून मला मनापासून वाईट वाटले.

याउलट तिसरी जोडी या संपूर्ण संचाची किंमत वसूल करणारी आहे. ही कविता आईच्या हस्ताक्षराविषयी आहे: जुन्या वहीत सापडलेली तिची टिपणे, त्यांतली घाईघाईत लिहिलेली अक्षरे आणि शेवटच्या पानांवर उतरत गेलेली ओळ. येथे वहीचे, दौतीचे किंवा सुरकुतलेल्या हाताचे चित्र लावण्याचा मोह कोणालाही झाला असता. लावणाऱ्याने तो टाळून काळ्या शाईने काढलेली पक्ष्यांची एक रांग निवडली आहे. जवळ जाऊन पाहिले तर डावीकडचे पक्षी ब्रशच्या भरीव, ओल्या फटकाऱ्याने काढलेले आहेत. मधल्या पक्ष्यांपर्यंत शाई कोरडी होत गेली आहे आणि फटकाऱ्यात कागदाचा पोत दिसू लागतो. अगदी उजवीकडचे दोन पक्षी तर पक्षी राहिलेले नाहीत, ते केवळ ठिपके आहेत. आकाशातली ती रांग लिहिलेल्या ओळीसारखी दिसते, हे कवितेची शेवटची ओळ वाचल्यावर ध्यानात येते आणि मग नजर आपोआप पुन्हा चित्राकडे वळते. चित्राने कवितेतली एकही वस्तू दाखवलेली नाही, तरी कवितेत जे घडते तेच चित्रात घडते. नजरेचे हे येणे-जाणे सुरू राहिले तरच ती जोडी जमली असे मी मानते.

जपानमधील हायगा या प्रकारात हे शहाणपण फार पूर्वीपासून आहे. तेथे हायकू आणि मोजक्या फटकाऱ्यांचे चित्र एकाच कागदावर असते. या प्रकारातले मोठे नाव असलेले योसा बुसॉन (१७१६–१७८४) स्वतः कवीही होते आणि चित्रकारही. उत्तम हायगामध्ये चित्र कवितेतला प्रसंग जसाच्या तसा पुन्हा रेखाटत नाही. ते थोडे बाजूला उभे राहते आणि मधली वाट वाचकाला चालू देते. इंग्लंडमध्ये विल्यम ब्लेक यांनी १७८९ पासून आपल्या कविता आणि चित्रे तांब्याच्या एकाच पत्र्यावर आम्लाने कोरून छापली आणि अनेक प्रती हाताने रंगवल्या. त्यांच्या पानांवर वेली अक्षरांच्या मधून वाढतात आणि अक्षरे व चित्र एकाच हाताची आहेत हे चटकन कळते. आजची छपाई-सेवा असे काही करू शकणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु कवी एक, छायाचित्रकार दुसरा आणि जुळणी करणारा तिसरा असेल, तर तिसऱ्याने निदान पहिल्या दोघांचे काम नीट समजून घेतलेले असावे.

दुसरी जोडी मजकूर थेट छायाचित्रावर छापण्याच्या हौसेमुळे बिघडली आहे. दाट जंगलाचे छायाचित्र पूर्ण कागदभर पसरलेले आहे आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत कविता छापली आहे. झाडांच्या खोडांमधून जेथे उजेड येतो तेथे अक्षरे पुसट होतात आणि जेथे सावली आहे तेथे ती डोळ्यांवर येतात, त्यामुळे एकाच ओळीतले काही शब्द ओरडून सांगितल्यासारखे आणि काही कुजबुजल्यासारखे वाटतात. पडद्यावरच्या मजकुरासाठी सुलभतेचे जे निकष सर्वत्र वापरले जातात, त्यांत नेहमीच्या आकाराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणातला फरक किमान ४.५:१ असावा असे सांगितले आहे. भिंतीवरच्या कवितेला हा नियम बांधील नसला तरी त्यामागचा हेतू येथेही तितकाच लागू आहे. रागमाला चित्रांत, म्हणजे रागांवर आधारलेल्या भारतीय लघुचित्रांत, पद्यासाठी बहुधा वर एक स्वतंत्र पट्टी राखलेली असते. चिनी परंपरेत चित्रकार रिकामी जागा राखतो आणि कविता त्या रिकाम्या जागेत लिहिली जाते. दोन्हीकडे अक्षरांना बसायला स्वतःची जागा दिलेली आहे. ज्या छायाचित्रात अशी शांत जागा नाही, त्यावर कविता छापू नये, तिला शेजारी किंवा खाली पांढऱ्या समासात बसवावे.

उरलेल्या दोन जोड्यांविषयी थोडक्यात सांगते. चौथीत एक गंभीर कविता आणि जलरंगातली फुले आहेत, आणि ही फुले कोणत्याही कवितेखाली चालली असती. पाचवीत चार ओळींची कविता आणि जवळपास रिकामी राखाडी भिंत आहे, तिच्यावर एका खिळ्याची सावली पडलेली आहे. ही जोडी तिसरीइतकी खोल नसली तरी प्रामाणिक आहे आणि कामाच्या खोलीत लावण्यासाठी मी तिचीच शिफारस करेन.

आता मागणीनुसार करून घेतलेल्या प्रतीकडे वळते. ग्राहकाने आपली कविता संकेतस्थळावरच्या चौकोनात टाकायची, चित्र निवडायचे किंवा स्वतःचे पाठवायचे, आणि त्यानंतर छपाईपूर्वीचे प्रूफ तपासण्यासाठी येते, अशी पद्धत आहे. प्रूफ न मागता पाठवले जाते, ही या सेवेची चांगली बाजू आहे. मी दिलेली कविता अशी:

दार लोटून गेलास,
कडी लावली नाहीस.
वाऱ्याने ते हलले की
मी उठून बसते.

प्रूफमध्ये ही कविता तीन ओळींची होऊन आली. साच्यातली रुंदी पुरेशी असल्याने शेवटच्या दोन ओळी आपोआप जोडल्या गेल्या होत्या आणि ‘वाऱ्याने ते हलले की मी उठून बसते’ असे एक सरळ वाक्य तयार झाले होते. माझ्या दृष्टीने ही चूक शब्द गाळण्याइतकी गंभीर आहे. ‘की’पाशी ओळ थांबते तेव्हा ऐकणाऱ्याचे कान दाराकडे लागतात आणि नजर खालच्या ओळीवर उतरेपर्यंत तो क्षण लांबतो, तो क्षण गेला तर उरते ती केवळ माहिती. कवितेची ओळ कोठे तुटावी हे कवीने ठरवलेले असते, ते साच्याच्या रुंदीवर सोपवता येत नाही. ओळ मावत नसेल तर अक्षरांचा आकार कमी करावा, समास कमी करावा, फार तर कागद आडवा घ्यावा. उरलेला भाग खालच्या ओळीत टाकणे अगदीच अपरिहार्य असेल तर तो आत सरकवून टाकावा, म्हणजे ही नवी ओळ नव्हे हे वाचकाला कळते.

देवनागरीची अडचण याहून वेगळी आणि अधिक चीड आणणारी होती. ‘वाऱ्याने’ या शब्दातला ऱ्य नीट न जुळता ‘र’ला हलन्त लागून ‘य’ वेगळा पडला होता. बाकीची जुळणी मात्र मोडलेली नव्हती. निवडलेल्या फॉन्टमध्ये मराठीला लागणारा हा ऱ नीट घडवलेला नव्हता. याच फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही मराठी छपाईतली नसून हिंदी वळणाची होती. एखाद्या बातमीत हे खपून जाईल, पण चार ओळींची कविता रोज नजरेसमोर राहणार असेल तर परके वळण रोज खुपत राहते. मी कळवल्यानंतर त्यांनी मराठी वळणे असलेला ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट लावला आणि दुसऱ्या प्रूफमध्ये दोन्ही दोष नाहीसे झाले. हा फॉन्ट मोफत उपलब्ध आहे, त्यामुळे तो सुरुवातीपासूनच मराठी कवितांसाठी न वापरण्याचे काही कारण मला दिसत नाही. ओळींमधले अंतरही वाढवून घ्यावे लागले. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार असतात आणि खाली उकार असतात. रोमन लिपीसाठी ठरवलेले अंतर तसेच ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो आणि कवितेला लागणारी हवा नाहीशी होते.

चित्राच्या बाबतीत सेवेने मला आपोआप सुचवलेले पर्याय अपेक्षेप्रमाणे दारांचेच होते: अर्धवट उघडे दार, जुनी पितळी कडी, दाराच्या फटीतून येणारा उजेड. मी त्यांपैकी एकही न घेता स्वतः काढलेले एक कृष्णधवल छायाचित्र पाठवले. त्यात पहाटेच्या उजेडात विस्कटलेली चादर आहे आणि उशीच्या मध्यभागी डोके टेकल्याचा खोलगट ठसा आहे. दार फक्त कवितेत राहिले, उठून बसणे फक्त चित्रात राहिले, आणि दोन्ही एकत्र पाहणाऱ्याला रात्र आपली आपण कळते. पहिल्या प्रूफमध्ये छायाचित्राच्या कडा साच्यात बसवण्यासाठी इतक्या कापल्या होत्या की उशीचा ठसा अर्धाच उरला होता. तोही भाग त्यांनी तक्रार न करता पूर्ववत केला.

स्वतःचे छायाचित्र पाठवणाऱ्यांनी त्याचा आकार आधी तपासावा. ए-३ म्हणजे २९७ × ४२० मिलिमीटर कागदावर ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) छपाई करायची तर सुमारे ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. भिंतीवरचे चित्र हातभर अंतरावरून पाहिले जात असल्याने याहून थोडे कमी चालते, परंतु मेसेजिंग अॅपमधून फिरून आलेले, लांब बाजूला जेमतेम १६०० पिक्सेल उरलेले छायाचित्र या आकारात शंभर डीपीआयच्याही खाली जाते आणि कडा फुटलेल्या दिसतात. सेवेचे संकेतस्थळ लहान चित्र स्वीकारते आणि कसलीही सूचना देत नाही, ही त्रुटी त्यांनी दूर करायला हवी. पडद्यावर दिसते त्यापेक्षा छापील प्रत नेहमी थोडी गडद येते हेही लक्षात ठेवावे. सावल्यांमधला तपशील महत्त्वाचा असेल तर चित्र किंचित उजळून पाठवलेले बरे.

छापील वस्तू म्हणून मात्र ही प्रत हातात घेताच समाधान देते. कागद कापसाच्या तंतूंचा, आम्लमुक्त, मॅट पृष्ठाचा आणि ३०० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचे वजन ३०० ग्रॅम) आसपासचा आहे. शाई पिग्मेंट प्रकारची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची आहे, जी विरघळलेल्या रंगाच्या साध्या डाय शाईपेक्षा उजेडात जास्त टिकते. काळा रंग खोल उतरला आहे आणि चादरीच्या सुरकुत्यांमधल्या राखाडी छटा एकमेकींत मिसळून गेलेल्या नाहीत. मॅट पृष्ठाचा फायदा कवितेला अधिक होतो, कारण चकचकीत कागदावर समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडले की वाचणाऱ्याला मान तिरकी करावी लागते. चौकटीत माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी, बसवलेला आहे, त्यामुळे कागद काचेला टेकत नाही आणि दमट हवेत चिकटून खराब होण्याची भीती कमी होते. मागचा पुठ्ठा मात्र आम्लमुक्त आहे की नाही याची नोंद कोठेही नाही. साधा पुठ्ठा कालांतराने चांगल्या कागदालाही पिवळा डाग देतो, म्हणून हा प्रश्न विचारूनच चौकट घ्यावी.

श्रेयनामावलीच्या बाबतीत मला या सेवेविषयी स्पष्ट नाराजी नोंदवायची आहे. संचातल्या प्रत्येक कवितेखाली कवीचे नाव आहे, पण छायाचित्रकाराचे किंवा चित्रकाराचे नाव एकाही प्रतीवर नाही, अगदी पक्ष्यांच्या त्या चित्रावरही नाही. जी वस्तू दोन कलांच्या बळावर विकली जाते तिच्यावर एकाच कलावंताचे नाव असणे अन्यायाचे आहे. कोणत्या कवितेसाठी परवानगी घेतली आहे याचीही माहिती संकेतस्थळावर असायला हवी. कवीच्या निधनानंतर देशोदेशींच्या कायद्यांप्रमाणे साधारण ५० ते ७० वर्षे कवितेवरचा हक्क वारसांकडे राहतो. ग्राहक आपल्या आवडत्या कवीची कविता टाकून प्रत मागवतो तेव्हा सेवेने याबाबत एखादा प्रश्न तरी विचारावा, आणि आपणही तो स्वतःला विचारावा.

भिंतीवर लावताना दोन गोष्टींनी फार फरक पडतो. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर ठेवण्याची प्रथा कलादालनांत आहे, पण येथे कविता खालच्या अर्ध्या भागात छापलेली असल्याने नजरेच्या उंचीवर चित्र न येता कवितेच्या वरच्या ओळी येतील अशा बेताने मी प्रत थोडी वर घेतली. दुसरे म्हणजे अक्षरांचा आकार. संचातल्या कविता १६ पॉइंटमध्ये आहेत. एक पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर, आणि त्यातही शिरोरेषेपासून खालचे मूळ अक्षर आणखी लहान असते. म्हणजे वाचायला अगदी जवळ जावे लागते. येण्याजाण्याच्या अरुंद वाटेवर ते चालते, पण बसायच्या खोलीत समोरच्या खुर्चीवरून वाचायची असेल तर निदान दुप्पट आकार मागून घ्यावा. आणि उन्हाचा थेट कवडसा पडणारी भिंत टाळावी. कागदावरच्या कलाकृतींसाठी संग्रहालये सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतकाच मंद उजेड ठेवतात, घरात तेवढी खबरदारी शक्य नसली तरी ऊन टाळणे शक्य असते.

या सेवेने एक पर्याय अजून दिलेला नाही आणि तो मला सर्वांत योग्य वाटतो: कविता आणि चित्र दोन स्वतंत्र, सारख्या आकाराच्या चौकटींत. इंग्रज चित्रकार-कवी दान्ते गॅब्रिएल रोझेटी यांनी १८४९ मध्ये प्रदर्शित केलेल्या आपल्या एका चित्राच्या चौकटीवर सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, लावली होती; चित्राच्या पृष्ठाला हात न लावता कविता त्याच्या सोबतीला राहिली. दोन चौकटी असतील तर चित्राला पूर्ण कागद मिळतो, कवितेला मोठी अक्षरे आणि भरपूर पांढरी जागा मिळते, मधले अंतर आपल्याला ठरवता येते, आणि काही काळाने त्याच कवितेशेजारी दुसरे चित्र लावून पाहता येते. मी त्यांना याविषयी विचारले तेव्हा दोन वेगळ्या प्रती म्हणून मागणी नोंदवल्यास तसे करून देता येईल, माउंटची रुंदी दोन्हीकडे सारखी ठेवता येईल, असे उत्तर आले. तयार संच घ्यायचा विचार असणाऱ्यांनी तो पूर्ण घेऊ नये. तिसरी आणि पाचवी जोडी सुटी मिळते, तेवढ्याच घ्याव्यात. मागणीनुसार प्रत करून घेणाऱ्यांनी कवितेच्या ओळी क्रमांक घालून पाठवाव्यात, फॉन्टचे नाव लेखी कळवावे आणि दुसरे प्रूफ आल्याशिवाय छपाईला संमती देऊ नये.